बेडशाचं पाणी आणि शेवटचा सायकलस्वार

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या गटातले चोवीस जण सायकलवरून बेडसे लेणी पाहायला गेले. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत असा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने करुंज-बेडसे. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. पाचला निघायचं ठरलं होतं. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहण्यात आणि फोटो काढण्यात सहा वाजून गेले. लेणी पाहून खाली उतरलो तेव्हा अकरा झाले होते आणि परतीचा सगळा रस्ता उन्हातच होता.

कामशेत मागे पडल्यावर आमच्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा सायकल नागमोडी चालवू लागला. सकाळभर सगळ्यांना हसवणारा हा मुलगा गप्प होता. ‘पाणी पितोस का?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘घर आलं का?’ त्या वेळी पुढचे पंधरा जण चार किलोमीटर पुढे होते आणि आपल्या वेगावर खूश होते. मागच्या दोघांनी त्याला रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीत नेलं. टपरीवाल्या मावशींनी कुणाला काही न विचारता माठ त्याच्या अंगावर रिकामा केला, ओला पंचा मानेवर टाकला आणि पुठ्ठ्याने वारा घालायला लागल्या. मग रुग्णवाहिका आली. मुलगा एक रात्र रुग्णालयात राहिला आणि बरा होऊन घरी गेला.

त्या रात्री ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरत होते. ‘चोवीसपैकी तेवीस जणांनी राइड पूर्ण केली!’ हे वाक्य वाचल्यावर हा अग्रलेख लिहायचा हे आम्ही ठरवलं.

सायकलवरचं ऊन फसवं असतं. चालत्या सायकलवर वारा लागतो, घाम लगेच वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावलं याचा पत्ताच लागत नाही. चढ लागला की वेग आठ-दहावर येतो, वारा थांबतो, पाय मात्र दुप्पट काम करत असतात. शरीर गार ठेवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचं वाळणं, आणि नेमका तोच तिथे अपुरा पडतो. मोबाइलवर दिसणाऱ्या तापमानावरही विसंबू नका. हवामान खातं ते सावलीतल्या पेटीत मोजतं. आपण असतो उघड्या डांबरावर, आणि ते खालून वेगळं भाजत असतं.

त्या मुलाच्या बाबतीत धोक्याची खूण होती ती त्याचं असंबद्ध बोलणं. पायात गोळे येणं, मळमळणं, डोकं दुखणं ही आधीची पायरी. तिथेच सावलीत थांबलं, मीठ-साखरेचं पाणी घेतलं तर बहुतेकदा निभावतं. पण माणूस भलतंच बोलू लागला, तोल जाऊ लागला, की तो उष्माघात समजायचा, मग अंगाला घाम असो वा नसो. अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं. कपडे सैल करून भरपूर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. टपरीवाल्या मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी नेमकं तेच केलं. आमच्या किटमध्ये पंक्चरचं सगळं सामान होतं, ओआरएसची एकही पुडी नव्हती. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे तर घरूनही नेता आलं असतं.

खरा प्रश्न गटाचा आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला आणि उन्हाने दहाहून अधिक माणसं दगावली. गर्दीत असलं की प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी बघत असेलच. चोवीस जणांच्या गटातही हेच घडतं. ‘मला जमत नाही’ असं म्हणायची लाज वाटते. थांबणाऱ्याची ‘नाजूक’ म्हणून टिंगल करणारे आपणच असतो. त्या मुलानेही नंतर सांगितलं की तळेगावला जातानाच त्याचं डोकं दुखत होतं.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं आहे. आमच्या सहा मुलींपैकी चौघींनी सकाळपासून मुद्दाम पाणी कमी प्यायलं होतं, कारण वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल हे कुणीच सांगितलं नव्हतं. मार्ग आखणाऱ्या आम्हा पुरुषांना तो प्रश्न सुचलाच नाही. ‘मुलींनी सायकल चालवावी’ असं आपण व्यासपीठावरून सांगतो, मग नकाशावर त्यांच्यासाठी थांबे दाखवणं हे आपलंच काम नाही का?

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची परंपरा याहून शहाणी आहे. आज आपल्याकडची अनेक मुलं दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे करतात. साडेतेरा तासांत पूर्ण करायची, पण त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. फ्रान्समध्ये ‘ऑडॅक्स’ पद्धतीची सफर म्हणजे एका कप्तानाच्या मागे, ठरलेल्या वेगाने, सगळ्यांनी मिळून जाणं. ‘घाटाचा राजा’ व्हायचं असेल तर त्यासाठी मुंबई-पुणे शर्यत आहे. गटाची सफर ही शर्यत नाही.

म्हणून आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. मार्च ते मे पाचच्या ठोक्याला निघायचं, कुणासाठी थांबायचं नाही, आणि दहाच्या आत सावली गाठायची. अनुभवी सायकलस्वार पुढे नाही, सगळ्यात मागे राहील आणि राइड थांबवायचा अधिकार त्याचा. दर तासाला सगळे एकत्र येतील. कामशेत, वडगाव, तळेगाव इथे लोकल थांबते. सायकल ओळखीच्या ठिकाणी ठेवून लोकलने परतणं हा पराभव मानला जाणार नाही. रोजा असेल त्याने त्या दिवशी येऊ नये आणि त्याला कुणी आग्रहही करू नये.

बेडशाच्या चैत्यगृहाचे खांब पाहायला सगळे धावतात. तिथलं पाण्याचं टाकं फारसं कुणी पाहत नाही. त्यावर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. महाभोजाची मुलगी, अपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिने ते दान दिल्याचं तो सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने या डोंगरावर वाटसरूंना, भिक्षूंना पाणी मिळावं याची तजवीज केली आणि तेवढ्यावर तिचं नाव टिकलं. आपल्या मोहल्ल्यांत सबील लावतात, गावोगावी पाणपोई असते, त्यामागची भावना हीच. त्या टपरीवाल्या मावशी याच परंपरेतल्या. त्यांचं नाव कुठे कोरलं जाणार नाही, पण त्यांनी माठ रिकामा केला नसता तर आज आम्ही वेगळा मजकूर लिहीत बसलो असतो.

पुढच्या वेळी राइड संपल्यावर किती जणांनी ती पूर्ण केली हे मोजू नका. निघाले तेवढे सगळे घरी पोहोचले का, एवढंच विचारा.