सूक्ष्मदर्शक आला, पण हात?

सरकारी रुग्णालयात नवे यंत्र दाखल झाले की फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते. ते चालविणारा हात कोठे आणि किती दिवसांत तयार व्हायचा, याची वाच्यता सहसा होत नाही. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाबाबत ही उणीव विशेष महागात पडते. क्ष-किरण यंत्र निदान छायाचित्र तरी काढते; सूक्ष्मदर्शक केवळ दाखवितो. पुढचे सारे शल्यविशारदाच्या बोटांनी करावयाचे असते.

मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून जवळ असलेले दोन बिंदू नुसत्या डोळ्याला साधारणतः वेगळे दिसत नाहीत. स्टॉकहोमच्या कार्ल नीलेन या कर्णतज्ज्ञाने १९२१ साली कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला, तो ही मर्यादा ओलांडण्यासाठीच. १९५३ मध्ये जर्मनीतील झाइस कारखान्याने शस्त्रक्रियेसाठी सोयीचा, दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा सूक्ष्मदर्शक बाजारात आणला. १९६० साली अमेरिकेतील व्हरमाँट येथे जेकबसन आणि सुआरेझ यांनी त्याच्या साहाय्याने एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या शिवून दाखविल्या. अडचण हाताची नव्हतीच, दृष्टीची होती, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. अशा वाहिन्या शिवण्याचा धागा आज माणसाच्या केसाहूनही बारीक असतो.

यावरून यंत्र मिळताच हात आपोआप साधतो, असे मात्र कोणी समजू नये. भिंगाखाली हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. शिवाय नजर हातावर नव्हे, नेत्रिकेत खिळलेली असते. झुरिकचे मेंदूशल्यविशारद याशारगिल यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. वयाच्या चाळिशीत, पुरता अनुभव गाठीशी असताना ते व्हरमाँटच्या प्रयोगशाळेत गेले आणि सुमारे वर्षभर प्राण्यांच्या बारीक धमन्या शिवीत बसले. त्यानंतरच, १९६७ मध्ये, त्यांनी मेंदूच्या धमनीला पर्यायी रक्तवाहिनी जोडण्याची शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे चाळिशीतल्या नामांकित डॉक्टराने पुन्हा विद्यार्थी व्हावे, ही कल्पनाच अनेकांना अपमानास्पद वाटेल.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील श्रीमंत रुग्णांचा आहे काय? मुळीच नाही. जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा १९६५ साली पुन्हा जोडला. कडबाकुट्टीत बोटे गमावणारा शेतकरी आणि भोसरीच्या लहान कारखान्यात प्रेसखाली हात सापडलेला कामगार यांच्या दृष्टीने या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फात ठेवावी (बोट थेट बर्फावर ठेवू नये), म्हणजे ते काही तास जोडण्याजोगे राहते. पण त्या काही तासांत गाठता येईल अशा रुग्णालयात भिंगाखाली शिवणारा हात नसेल, तर जखम शिवून रुग्णास घरी पाठविणे एवढेच उरते. अंगठा गेला की पकड जाते, आणि पकडीबरोबर बहुधा रोजगारही.

नेत्रचिकित्सेत आपण हे साधले आहे, हे येथे आवर्जून नमूद करावयास हवे. पूर्वी मोतीबिंदूचे भिंग आवरणासह काढून रुग्णाला जाड चष्मा देत. त्याला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत आली तेव्हा ती अपरिहार्य ठरली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत जी योजना राबविली गेली, तिने सूक्ष्मदर्शक पुरविले आणि नेत्रशल्यविशारदांना प्रशिक्षणही दिले. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे तयार केली होतीच. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून सामान्य रुग्णाला त्यांचा लाभ झाला.

दंतवैद्यकाची कथा निराळी नाही. वरच्या पहिल्या दाढेच्या एका मुळात पुष्कळदा दुसरी अतिसूक्ष्म नलिका असते. ती नजरेतून सुटली तर जंतू आत राहतात आणि पैसे मोजून वाचविलेली दाढ अखेर काढावी लागते. अमेरिकेत दंतमूळचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणात सूक्ष्मदर्शकाचा सराव १९९० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीचा झाला.

आपल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालयात निदान एक सूक्ष्मदर्शक केवळ सरावासाठी राखून ठेवावा. आरंभी रबरी हातमोजाचा तुकडा आणि नंतर कोंबडीच्या तंगडीतील रक्तवाहिनी एवढ्या सामग्रीवर हा सराव होऊ शकतो; त्याला परदेशवारी लागत नाही. यंत्राला जोडलेल्या दुसऱ्या नेत्रिकेतून विद्यार्थ्याला गुरू पाहतो तेच पाहता येते. एरवी त्याच्या वाट्याला गुरूची पाठच येते. सरावाच्या तासांची नोंदवही परीक्षेस बसण्याची अट व्हावी. आणि कोकणातल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते, तेव्हा देखभालीचा खर्च खरेदीच्या निविदेतच धरावा. नाही तर दोन पावसाळ्यांनंतर ते यंत्र कापड पांघरून कोपऱ्यात उभे राहील.