दगडावरचा नकाशा आणि माझा चाकू

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. लायकेनला मराठीत काय म्हणतात तेही मला आईनेच फोनवर सांगितलं. "अगं, दगडफूल! गोड्या मसाल्यात घालतो ना, ते त्यातलंच." पुस्तकी शब्द शैवाक आहे म्हणे, पण मला आईचाच आवडला.

हा शब्द शिकायची वेळ आली ती एका चुकीमुळे. सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर आम्ही सातजण गढवालमध्ये तुंगनाथ-चंद्रशिला ट्रेकला गेलो होतो. साडेतीन हजार मीटरच्या वर झाड नाही, नुसतं गवत आणि खडक. खडकांवर पिवळट हिरवे, काळ्या रेघांचे डाग, अगदी नकाशासारखे. मला एक आठवण म्हणून हवा होता. चाकूने खरवडला, तर हातात नुसती पूड आली. मैत्रिणीने खाली बुरांशच्या खोडावरचं दगडफूल ओरबाडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं. होस्टेलवर येईपर्यंत त्याला बुरशी लागली. दगडफूल म्हणजे मुळात बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बुरशीलाच बुरशी लागली म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

लायब्ररीत वाचलं तेव्हा माझं हसू थांबलं. माझा नकाशा बहुधा ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकमचा होता. त्याचा व्यास वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. माझा डाग सहा सेंटिमीटरचा होता. म्हणजे आजीच्या लग्नाच्या आधीपासून तो तिथे होता आणि मी दोन मिनिटांत संपवला! १९५० मध्ये रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन संशोधकाने या संथ वाढीचंच घड्याळ केलं. हिमनदी मागे सरकली की उघड्या पडलेल्या दगडांवरचा सर्वांत मोठा डाग मोजायचा, त्यावरून दगड किती वर्षं उघडा आहे ते काढायचं. केदारनाथच्या वरच्या चोराबारी हिमनदीवरही ही पद्धत वापरली गेली आहे. त्याच हिमनदीशेजारचं तळं जून २०१३ मध्ये फुटलं. तिथे हिमनदी कधी, किती सरकली हे कळणं ही काही हौस नाही.

आता आमच्या ट्रेकिंग ग्रुपने ठरवलंय की येत्या मेमध्ये 'सॅम्पल्स' आणून एन्व्हायर्नमेंटच्या प्रोजेक्टला लावायची. माझा विरोध आहे. एक सीनियर म्हणाला, "शास्त्रज्ञही तोडतातच की!" तोडतात. नाव ठरवायला रसायनाचा थेंब टाकून रंग बघावा लागतो, मायक्रोस्कोप लागतो. पण ते परवानगी काढून जातात (तुंगनाथ अभयारण्यात येतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं!), छिन्नीने लहानसा तुकडा घेतात, कागदाच्या पुडीत ठेवतात आणि पुडीवर जागा, उंची, तारीख, कशावर वाढलं, कोणी घेतलं ते लिहितात. नुसता तुकडा म्हणजे रीडिंग नसलेलं जर्नल. त्यावर आपल्या लॅबमध्ये तरी कोण सही करतं?

आपल्याला जमेल ते वेगळं आहे. डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जीपीएस आणि उंची टिपा, व्यास मोजा. पुढच्या बॅचने तोच दगड शोधून पुन्हा मोजावा. वर्कशॉपमध्ये व्हर्निअर पडून आहेतच, व्हायवापुरते.

ट्रेकच्या सामानाची यादी नोटीस बोर्डवर लागली आहे. त्यातला 'चाकू' खोडून मी 'पट्टी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पट्टी खोडून चाकू केला. मी पुन्हा पट्टी लिहून आले आहे.