सेलरी पाईपात लावा म्हणता, लाईट कोण देणार?

काल एक कंपनीवाला बांधावर येऊन गेला. म्हणे माती सोडा, सेलरी हायड्रोपोनिक करा. पुतण्या जमीन तारण ठेवायला निघालाय, म्हणून लिहितोय.

पाईपात लेट्यूस महिना-दीड महिन्यात निघतं. सेलरी लागणीपासून तीन महिने तेच भोक अडवून बसते. हा हिशोब त्याच्या कागदावर नव्हता.

आणि लाईट? पाईपात मुळांवरून पाणी सतत फिरतं लागतं. आपल्या शेतीच्या लाईनला आठ तास, तीपण कधी रात्रीची. उन्हात पंप थांबला की काही तासांत पीक मान टाकतं. म्हणे जनरेटर ठेवा. डिझेल कोण घालणार, तुमचा काका?

माझी सेलरी बेडवर, ड्रिपवर. मुळं उथळ, पाण्याला हावरट पीक, ओढ बसली की दांडा धागेदार होतो. पण एक रात्र लाईट गेली तर माती ओल धरून ठेवते. पाईपातला माल स्वच्छ निघतो, पाणी कमी लागतं, हे मान्य. आमच्याकडं दांड्यातली माती धुताना मंडळी माझा रोज उद्धार करतात.

कंपनीवाल्या भाऊ, पाईपातल्या नुसत्या सेलरीवर दोन वर्षं हप्ते फेडलेला एक शेतकरी दाखवा. पुतण्याला घेऊन मी स्वतः प्लॉटवर येतो.