प्रकाश कोणाचा, धूर कोणाचा?

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातून पूर्वेकडे दृष्टी टाकली की सह्याद्रीची भिंत उभी दिसते. त्या भिंतीपलीकडे, मावळात, ठोकरवाडी धरणाने अडविलेले पाणी कर्जत तालुक्यातील भिवपुरीला उतरवून १९२२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. शतकभर या विजेने मुंबई उजळली. ना धूर, ना राख! पण त्याच डोंगरउतारावरील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांतील माताभगिनींच्या डोक्यावरची लाकडाची मोळी मात्र अद्याप पुरती उतरलेली नाही.

१९९२च्या रिओ परिषदेत जगाने मान्य केले की, पर्यावरणरक्षणाची जबाबदारी सर्वांची असली तरी तिचा भार सारखा नसावा. दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या राष्ट्रांनी तो अधिक उचलावा. प्रत्यक्षात २०२४ साली बाकू येथे विकसनशील देशांनी वर्षाला १,३०० अब्ज डॉलर मागितले. श्रीमंतांनी २०३५पर्यंत ३०० अब्जांचे आश्वासन देऊन बोळवण केली. भारताने तेथेच ठणकावून विरोध नोंदविला, हे योग्यच झाले.

परंतु जो न्याय आपण जगाकडे मागतो, तो घरात देतो काय? २०१६च्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोहोचविला, हे ऐतिहासिक कार्य होय. तरीही २०२४-२५मध्ये उज्ज्वला कुटुंबाने वर्षाकाठी घेतलेले सिलिंडर सरासरी साडेचारच्या आसपासच राहिले. कारण उघड आहे. सिलिंडरला एकरकमी रोख लागते. सरपणाला लागतात ते बाईचे श्रम आणि तिची फुप्फुसे. त्यांची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात धरली जात नाही. अशा घराला केवळ ‘जंगल तोडू नका’ असे बजावणे म्हणजे बाकूचाच अन्याय वाडीवर करणे होय.

२०२३ साली भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. दिवसा सौरविजेने पाणी वर चढवायचे आणि सायंकाळी ते उतरवून वीज घ्यायची, ही योजना स्वागतार्हच आहे. मात्र तिच्या लाभाचा पहिला वाटा पायथ्याच्या वाड्यांना मिळावा, ही अट शासनाने घालावी.

निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, असे आपली संस्कृती सांगते. माणसालाही तोच नियम लागू आहे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाची कसोटी महानगराच्या झगमगाटात नाही. ती वाडीतल्या शेवटच्या चुलीपाशी आहे.