खाटांची गणना, परिचारिकांचा विसर

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्याच महिन्यात 'पीएम केअर्स' निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरांसाठी २ हजार कोटी रुपये जाहीर झाले. व्हेंटिलेटर हवेच होते. परंतु रुग्णावर ते लावण्याची वेळच येऊ नये म्हणून साध्या वॉर्डात जे हात राबत होते, ते पुरेसे आहेत काय, हा प्रश्न राज्यकर्त्यांनी विचारला नाही. विरोधकांनीही फारसा विचारला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

रुग्णालयात दाखल झालेले बहुसंख्य कोरोनाग्रस्त अतिदक्षता विभागात नव्हते, सर्वसाधारण वॉर्डांत होते. तेथील शुश्रूषा दिसायला किरकोळ असते. ठरावीक वेळाने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहायचे, सरकलेली मुखपट्टी नीट बसवायची, रुग्णाला पालथे निजवायचे, कूस पालटून शय्याव्रण टाळायचे, धाप लागलेल्याला शौचालयापर्यंत एकटे जाऊ द्यायचे नाही. संध्याकाळी ठीक असलेला आकडा पहाटे तीन वाजता घसरला, तर तो कोणाच्या तरी दृष्टीस पडला पाहिजे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक व अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक परिचारिका असा आहे. सार्वजनिक रुग्णालयाची रात्रपाळी ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला हा निकष परदेशातला वाटेल.

एवढी तूट असताना हे वॉर्ड इतकी वर्षे चालले कसे? रुग्णाच्या नातेवाइकांच्या जिवावर. भरविणे, अंग पुसणे, मलमूत्राचे भांडे देणे, सलाईन संपत आले की धावत जाऊन सिस्टरना बोलाविणे, ही कामे खाटेशेजारी चटई टाकून बसलेली आई, बायको, सून करीत आली. शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात तिचे वेतन नाही. साथीत संसर्गाच्या भयाने तिला दाराबाहेर थांबविण्यात आले. ते योग्यही होते. पण तिची जागा घेणारे कोणीच नेमले गेले नाही. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तेथीलच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. निलंबनाने वॉर्डात एकही परिचारिका वाढत नाही.

परिचारिका किती आहेत, यावर रुग्ण जगतो की मरतो हे ठरते. 'लॅन्सेट'मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ युरोपीय देशांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला, तर दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्णालयात मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. हिशोब करणाऱ्यांनी एवढाच हिशोब करावा.

उलट धोरण चालले आहे ते कायम पदे टाळण्याचे. ज्यांच्यावर फुले उधळली, त्यांच्यापैकीच राज्यातील शासकीय परिचारिकांना मे २०२२ मध्ये, भरती बाह्य यंत्रणेमार्फत करण्याच्या निर्णयाविरुद्ध संपावर जावे लागले. खाजगी क्षेत्राची कथा वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने लहान रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २० हजार रुपये वेतन सुचविले. केरळात ते २०१८ मध्ये लागू झाले. पण मालकांच्या सद्बुद्धीने नव्हे, परिचारिकांनी संघटित होऊन झगडल्यामुळे.

पुढची साथ केव्हा येईल, ते कोणी सांगू शकत नाही. परंतु प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतील रुग्णांची व परिचारिकांची संख्या खडूने लिहिण्यास शासनाला आजही कोणी अडविलेले नाही. ती फळी लागेपर्यंत लोकप्रतिनिधींनी रुग्णालयांच्या भेटी फीत कापण्यासाठी न देता रात्री दोन वाजता द्याव्यात, आणि खाटा मोजून झाल्यावर परिचारिकाही मोजाव्यात.