कानाला खडा

निमित्त परवाच्या फोनचं. पुतणीचा अडीच वर्षांचा मुलगा रात्रभर कान धरून रडला आणि दुसऱ्या दिवशी घरात तीन मतं तयार! आजी म्हणाली, लसूण घालून तेल कोमट करा आणि दोन थेंब सोडा. बाबा म्हणाला, मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलंय, तेच देऊ. आई म्हणाली, डॉक्टरच बदलू. हे नुसतं पॅरासिटामॉल देतात आणि 'दोन दिवस बघू' म्हणतात.

तिघांनाही बाळाची काळजी आहे, यात शंका नाही. पण काळजी खरी असली म्हणून मत बरोबर असतंच असं नाही. घरचे लोकही हे वाचतात, तरी स्पष्टच लिहिते.

आधी तेल. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीमागोमाग कान ठणकतो. दुखणं पडद्याच्या आत, तेल पडद्याच्या बाहेर. पोचणार कुठे? आणि पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते नको तिथे पोचतं! "आम्हालाही आईने घातलंच की." घातलं ना. पण तेव्हा कान वाहणारी मुलं वर्गावर्गात होती, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आता उरलेली बाटली. पाणी घालून तयार केलेलं ते औषध आठ-पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. ते उरलं, याचाच अर्थ मागच्या वेळी ठणका थांबताच तुम्ही अर्ध्यात सोडलं होतं!

राहता राहिले 'काहीच न देणारे' डॉक्टर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली सांगितलं, की दोन वर्षांपुढच्या मुलाचं दुखणं सौम्य असेल तर वेदनेचं औषध देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवता येतं. बरेच कान आपोआप बरे होतात. मात्र सहा महिन्यांच्या आतलं बाळ, फार ताप, असह्य ठणका, वाहणारा कान किंवा दोन वर्षांच्या आत दोन्ही कान दुखत असतील, तर थांबायचं नाही. हे ठरवायचं कोणी? कानात बत्ती घालून पाहणाऱ्याने. शेजारणीने नाही, औषधाच्या दुकानदाराने नाही, आणि मीही नाही. थांबणं हाही उपचारच असतो, पण डॉक्टरांच्या नजरेखालचं थांबणं.

एवढं पोटतिडकीने का लिहिते? १९८०च्या सुमारास माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी बघायचा नाही. मी त्याला मागच्या बाकावर बसवलं, उभं केलं, एकदा छडीही मारली. वर्षाअखेरीस त्याची आई म्हणाली, "बाई, लहानपणापासून त्याचा कान वाहतो. तेल घालतो की आम्ही." त्याला ऐकूच येत नव्हतं हो! मी 'लक्ष नाही' असा शेरा मारत होते. त्याने कधी तक्रार केली नाही. मी मात्र अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. मूल ऐकत नाही असं वाटलं, की आधी त्याचे कान तपासायचे, स्वभाव नंतर.

असो. पुतणीने डॉक्टर बदलला नाही. बाटली फेकली की नाही, ते मात्र विचारायचं राहिलं. ती हे वाचेलच!