आइस्क्रीम मेकर घेताय? आधी तुमचा फ्रीजर तपासा!

२२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आलाय. कराआधी १०० रुपये असलेला पॅक आधी ११८ ला पडायचा, तो आता १०५ ला पडायला हवा. मग घरी मशीन कशाला? महाड-पोलादपूरचे मित्र मला हेच विचारतात, कारण रील्समध्ये मशीन दिसतं भारी.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त पैसे वाचवायचे असतील तर घेऊ नका. फायदा आहे तो ताज्या फळांचा. मे महिन्यात घरचा आंबा आणि थंडीत आंबेनळी घाटापलीकडची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. शिवाय आत काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं. पाकिटावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरता येतं. साध्या ‘आइस्क्रीम’मध्ये किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं.

मशीन नेमकं करतं काय? मिश्रण गोठत असताना ते सतत ढवळतं. त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि थोडी हवा मिसळते. थंडावा कुठून येतो, त्यावरून तीन प्रकार पडतात.

१) गोठवायच्या भांड्याचं मशीन: हे सगळ्यात स्वस्त. भांड्याच्या दुहेरी भिंतीत द्रव असतो. ते आधी १२ ते २४ तास, उणे १८ अंशांच्या आसपास गोठवावं लागतं. आपल्याकडे घोळ इथेच होतो. सिंगल डोअर फ्रीजच्या कप्प्यात भांडं मावतच नाही किंवा तेवढं थंड होत नाही. त्यात पावसाळ्यात लाइट गेली की रात्रभराची मेहनत वाया.

२) कॉम्प्रेसरवालं: याच्यात स्वतःचा छोटा फ्रीजच असतो. आधी काही गोठवायला नको, लागोपाठ दोन-तीन बॅच निघतात. पण किंमत कितीतरी पट जास्त आणि वजन दहा किलोच्या वर. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये तळमजल्यांचे काय हाल झाले ते आठवा. पाणी चढल्यावर हे उचलून माडीवर कोण नेणार?

३) हाताने फिरवायचा पॉट: बाहेर बर्फ आणि जाडं मीठ, आत दूध. मिठामुळे बर्फ वितळण्याचं तापमान शून्याच्या खाली जातं, अगदी उणे २१ अंशांपर्यंत. म्हणून दूध गोठतं. लाइट लागत नाही, पण बर्फ आणावा लागतो आणि हात दुखतात!

ऑर्डर करण्याआधी एवढं करा:

• विकतचं आइस्क्रीम फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी चमचा सहज घुसला तर पहिला प्रकार विसरा.

• भांड्याची उंची-रुंदी पाहा आणि फ्रीजरचा कप्पा टेपने मोजा.

• व्होल्टेज २२०-२४० आहे ना ते बघा. अमेरिकेतून कुणी आणलेलं १२० व्होल्टचं मशीन इथे थेट लावलं तर जळेल.

• फोटो नीट बघा. ‘आइस्क्रीम मेकर’ शोधलं की कुल्फीचे प्लास्टिक साचेही समोर येतात.

फ्रीजर चांगला असेल तर पहिला प्रकार पुरेसा आहे. लाइटचा भरवसा नसेल, तर मी पॉटच सुचवेन. कॉम्प्रेसरवालं फक्त घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांना परवडतं. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर ५ टक्के जीएसटीवाला पॅक आहेच. फक्त पाकिटावरचं नाव वाचून घ्या.